बोजा नव्हता, पण गाडी बुडालेली होती

2022 च्या गणपतीआधी रत्नागिरीत मी एजंटमार्फत सेकंडहँड गाडी घेतली, तीन लाख दहा हजारांना. मुंबईहून भाऊ-वहिनी, पोरं येणार, दरवेळी रिक्षा कुठे शोधायची, म्हणून घाई. ती नडली.

कागद न बघता घेतली असं मात्र नाही. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला, फायनान्सरचं नाव नव्हतं, म्हणजे कर्जाचा बोजा नाही. चलन थकलेलं नाही. चासी नंबर आरसीशी ताडून पाहिला. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर मालकाने माझ्यासमोर सह्या केल्या. गाडी माझ्या नावावर झालीसुद्धा! आत कोरी सीट कव्हरं आणि मोगऱ्याचा घमघमाट. तो वास तेव्हाच खटकायला हवा होता.

नोव्हेंबरात हातखंब्याजवळ रात्री डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम पेटले, काचा हलेनात आणि इंजिन बंद. टो करून आणली. मेकॅनिकने काही न उघडता आधी सीट बेल्ट पार शेवटपर्यंत ओढला. एरवी गुंडाळलेलाच राहतो त्या वीतभर पट्ट्यावर तपकिरी डाग, सरळ रेषेत. मग स्टेपनी काढली. खाली वाळून पापुद्रे धरलेला गाळ.

"पुरातली गाडी हाय ही. कुठनं आणलीत?"

पहिला मालक चिपळूणचा, हे एजंटच बोलला होता. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी तिथल्या बाजारपेठेत शिरलं, हे कोकणात कोणाला सांगावं लागतं? आणि मला दिलेली पॉलिसी ऑक्टोबर 2021 पासूनची, दुसऱ्या मालकाच्या नावाची. एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारा नो क्लेम बोनस, शून्य. विचारलं तर एजंट म्हणाला, "दादा, मालक बदलला की शून्यच होतो." आहे खरंच तसं. तो बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. म्हणून तर पटलं. मी मागायला हवी होती पहिल्या मालकाची पॉलिसी, आणि त्याने क्लेम घेतला होता का ते.

आरसी घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो. ऑगस्ट 2021 : गाडी टो करून आणली, दुरुस्तीचं एस्टिमेट दिलं. पुढे नोंदच नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांवर गेला की विमा कंपनी टोटल लॉस धरते, आणि मग तो सांगाडा स्वस्तात विकला जातो. कोणीतरी घेतो, धुतो, कव्हरं घालतो. माझ्या गाडीचंही तेच झालं असणार. एमपरिवहनवर मालक, बोजा, विम्याची मुदत दिसते. गाडी पाण्यात होती हे दिसत नाही. हीच सर्व्हिस हिस्टरी घेण्याआधी मालकाला सोबत नेऊन काढता आली असती. अर्ध्या दिवसाचं काम.

एजंट म्हणतो, "ॲज इज व्हेअर इज लिहिलंय, म्हणजे आहे तशी घेतली, तुमची सही आहे." आहे.

वायरिंगवर आतापर्यंत 46 हजार गेले. गाडी विकायला काढली आहे. तिघं बघून गेले. बेल्ट ओढून दाखवतो, मग फोन येत नाही.