पासवर्ड न विचारणारं दुकान

दुकानाचं नाव लिहिणार नाही. मालकाचीच तशी अट आहे. "काकू, काय लिहायचं ते लिहा, नाव तेवढं नको. आहे तेच काम उरकत नाही." तेव्हा पत्ता असा: तापकीर गल्लीत शिरायचं, वायरी, बल्ब आणि माळांची दुकानं मागे टाकायची आणि एका अरुंद लाकडी जिन्याने वर जायचं. जिना इतका उभा आहे की लॅपटॉपची पिशवी छातीशी धरूनच चढावं लागतं. वर जेमतेम दहा बाय आठची खोली, एक टेबल, भिंगाचा दिवा, मालक आणि एक शिकाऊ मुलगा. भिंतीवर वहीच्या पानावर बॉलपेनाने लिहिलंय: "पासवर्ड सांगू नये. आम्ही विचारत नाही." पुण्याच्या पाट्यांवर हसायची सगळ्यांना सवय झाली आहे. मी मात्र या पाटीसाठीच तिथे गेले होते. तिच्याबद्दल मला अप्पा बळवंत चौकातल्या माझ्या बाइंडरने सांगितलं होतं.

पाटीचं एवढं अप्रूप का, ते सांगते. मी नारायण पेठेत घरूनच डीटीपी करते, १९९७ पासून. लग्नपत्रिका, प्रबंध, छोट्या मंडळांचे अहवाल, दिवाळीच्या आधी दोन महिने अंकांची घाई. आणि याशिवाय दोन कामं, जी सांगायला कुणी मोठ्याने बोलत नाही. लग्नाचे बायोडेटा आणि मृत्युपत्रं. बायोडेट्यात पगार, गोत्र, घटस्फोट झाला असेल तर त्याची तारीख, मामांचे फोन नंबर. मृत्युपत्रात काय असतं ते वेगळं सांगायला नको. कोणाचा फ्लॅट कोणत्या सुनेच्या नावावर जाणार आहे आणि कोणाला फक्त देवघरातलं चांदीचं ताट मिळणार आहे, हे त्या घरातल्यांच्या आधी माझ्या लॅपटॉपला कळतं.

पाच-सहा वर्षांपूर्वी जुना डेस्कटॉप दुसऱ्या एका दुकानात दिला होता. पंखा आवाज करत होता, एवढंच. त्यांनी पासवर्ड मागितला, बिलाच्या मागे लिहून ठेवला, मीही बावळटासारखा सांगितला. परत आणायला गेले तर तिथला पोरगा हसत म्हणाला, "काकू, बंगला धाकट्यालाच दिला का हो त्यांनी?" दोन सेकंद मला कळेचना कोण, कुठला बंगला. कळलं तेव्हा पायाखालची जमीन सरकली. त्या घरातला थोरला मुलगा रोज सकाळी आमच्याच दुधाच्या केंद्रावर भेटायचा. पुढे वर्षभर त्याच्या नजरेला नजर देताना मला कसंतरी व्हायचं, आणि त्याला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं.

तेव्हापासून यंत्र बिघडलं की मी ते आधी महिनाभर तसंच चालवते.

या वेळी बिजागरीच तुटली. २०१६ चा लॅपटॉप, झाकण उशीला टेकवून काम चाललं होतं. शिवाय पडद्यावर सारखी सूचना: विंडोज १० चे दिवस संपले. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचे सुरक्षा अपडेट बंद केले. विंडोज ११ माझ्या यंत्रावर अधिकृतपणे चढत नाही, कारण त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. माझा सहाव्या पिढीचा, इंटेलची यादी, मोजके अपवाद सोडले तर, सुरू होते आठव्यापासून. एका मोठ्या शोरूममध्ये चौकशी केली तर तिथल्या मुलाने लॅपटॉप उघडूनही न बघता "मॅडम, हे आता भंगार" म्हणून पंचावन्न हजारांचा नवा समोर ठेवला. त्याआधी माझा मोबाइल नंबर टाइप करून घेतला. चौकशीसाठी मोबाइल नंबर! बिल करायलाही नंबराची सक्ती करू नका, असं ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना २०२३ मध्ये कळवलेलं आहे. लक्ष्मी रोडवर ब्लाउजपीस घेताना हे बोलून बघा, मागची रांग तुमच्यावरच चिडते.

तर तापकीर गल्ली. मालक पस्तिशीचा असेल. मी बोलायला लागले, त्याने हाताने थांबवलं आणि लॅपटॉप उलटा केला. माझ्यासमोर स्क्रू काढले, आतून हार्ड डिस्क काढली, खाकी पाकिटात घातली आणि पाकीट माझ्या हातात दिलं. "ही घरी न्या. बिजागरीला तुमच्या फायली लागत नाहीत." बाकी यंत्र तपासायला त्याच्याकडे स्वतःची वेगळी डिस्क असते, ती लावून तो कीबोर्ड, बॅटरी, पडदा सगळं बघतो. इतकं साधं. अठ्ठावीस वर्षं हा धंदा करून मला हे सुचलं नव्हतं, आणि कोणी सांगितलंही नव्हतं.

पावतीवर नाव नाही, फोन नाही. पितळी बिल्ला मिळतो, पूर्वी चपला ठेवायला मिळायचा तसा. माझा ४१ नंबर.

विंडोजचं काय करायचं यावर त्याने मला अर्धा तास दिला, आणि कौतुक याचं की काही विकायचा प्रयत्न केला नाही. उलट आधी फुकटचा रस्ता सांगितला. घरगुती ग्राहकांना मायक्रोसॉफ्ट आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, अपडेट देतं आहे. पैसे भरायचे तर ३० डॉलर. फुकट हवं तर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप त्यांच्याकडे चालू ठेवायचा. युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या ग्राहकांसाठी ही बॅकअपची अट तिथल्या ग्राहक संघटनेने आवाज उठवल्यावर निघाली. आपल्याला आहे. "म्हणजे फुकट नाहीच," मी म्हटलं. तो म्हणाला, "तुमची किंमत त्यांनी ३० डॉलर ठरवलीय, काकू, वाईट नाही."

मी रिकॉलचाही विषय काढला. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं होतं, दर काही सेकंदांनी पडद्याचा फोटो काढून साठवणारी सोय. तुम्ही काय बघितलं, काय लिहिलं ते नंतर शोधता यावं म्हणून. वाचलं तेव्हा मला त्या पोराचं हसणंच आठवलं. पुढे सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिलं की हा साठा यंत्रावर जवळपास उघडाच पडलेला होता. मग कंपनीने माघार घेतली, कुलूपबंद करून, आणि वापरणाऱ्याने स्वतः चालू केलं तरच, अशा रूपात एप्रिल २०२५ मध्ये आणलं. मी तावातावाने हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते खास नव्या मशीनवरच चालतं. तुमच्या याच्यावर त्यांनी मनात आणलं तरी चालणार नाही." जुनं असण्याचे फायदे.

शेवटी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं ठरलं. पैसे पडत नाहीत, खातं काढावं लागत नाही, आणि २२ ही आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी नवीन एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, घेतली. इन्स्टॉल करताना संपूर्ण डिस्क कुलूपबंद करण्याचा पर्याय येतो, तो त्याने निवडला, कीबोर्ड माझ्याकडे सरकवला आणि स्वतः जिन्यात जाऊन उभा राहिला. शिकाऊ पोरालाही बाहेर बोलावलं. मी दोन बोटांनी पासवर्ड टाकते आहे आणि दोघं जिन्यात भिंतीकडे तोंड करून उभे! परत आल्यावर एवढंच म्हणाला, "हा विसरलात तर माझ्याकडे येऊ नका. ब्रह्मदेवाचा बाप आला तरी उघडणार नाही." पासवर्ड मी कागदावर लिहून घरात ठेवला आहे. कुठे, ते नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्याला सांगणं म्हणजे कट्ट्यावर सांगणं.

हिशेब: एसएसडी ३,२०० रुपये, बिजागरी ९००, मिंट बसवायची मजुरी ५००. जुनी डिस्क यूएसबीला जोडायची केसिंग ३५०, कारण जुन्या फायली उतरवण्याचं कामही त्याने केलं नाही. "कॉपी घरी, तुमची तुम्ही." कशी करायची ते रिकाम्या डिस्कवर दाखवलं. एकूण ४,९५० रुपये.

आता तक्रारी. फोन नंबर घेत नाही हे तत्त्व म्हणून थोर आहे, पण काम झालं का हे कळायला दर वेळी तो जिना चढावा लागतो. "गुरुवारी या" म्हणाला, गुरुवारी बिजागरी आली नव्हती. शनिवारी दुकानालाच कुलूप. सोमवारी मिळाला. माझ्या गुडघ्यांनी या गोपनीयतेची पूर्ण किंमत मोजली. दाराशी "आज तयार: ३८, ४१, ४४" असं खडूने लिहिलं तरी चालेल, मी सुचवून आले आहे. बोलायला तुसडा नाही, पण मान वर करत नाही. यूपीआय घेतो, आणि मग नाव तसंही कळतंच की, हे मी बोलून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणून म्हणतो, नोटा आणा."

मिंटबद्दलही खरं ते सांगायला हवं, नाहीतर माझ्यासारखी कोणी डीटीपीवाली उद्या माझ्या नावाने बोटं मोडेल. मराठी टायपिंग उत्तम. माझा हात इन्स्क्रिप्टवर बसलेला, तो कळफलक आतच आहे, फक्त निवडायचा. प्रिंटर पहिल्या फटक्यात चालला, स्कॅनरने दोन संध्याकाळी खाल्ल्या. लिबरऑफिसमध्ये, म्हणजे मिंटवरच्या वर्डसारख्या सॉफ्टवेअरमध्ये, वर्डची फाइल उघडली की तक्ते थोडे हलतात, प्रबंधवाल्यांना पीडीएफच पाठवते. पण माझी वीस वर्षांची कामं पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आणि श्रीलिपीच्या मराठी फॉन्टमध्ये आहेत. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. आणि श्रीलिपीतली ती जुनी फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येईल अशा अक्षरसंचात, नाही; फॉन्ट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. त्यासाठी तो आवाज करणारा डेस्कटॉप तसाच ठेवलाय, इंटरनेटची वायर कायमची काढून. जुन्या लग्नपत्रिका तिथे, नवी मृत्युपत्रं इथे.

आणि एवढं सगळं करून मसुदा मला येतो कशावर? व्हॉट्सअॅपवर. "ताई, बाबांचं मृत्युपत्र पाठवलंय, जरा सरळ करून द्या." सोबत आधार कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो, कोणी न मागता. डिस्कला कुलूप, फोन मात्र नातवाच्या हातात. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगितलं. २०२३ मध्ये लोकांची वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदा आला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायच्या आहेत. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी. मी मालकाला विचारलं, हे माझ्यासारखीलाही लागू? तो म्हणाला, लोकांची माहिती कॉम्प्युटरवर ठेवता ना, मग लागू. त्या रात्री बसून १९९९ पासूनचे बायोडेटे पुसले. त्यातल्या कित्येकांच्या मुलांचे बायोडेटे आता मी करते आहे.

जुन्या डिस्कचं शेवटचं. फायली उतरवून झाल्यावर मी ती त्याच्याकडे घेऊन गेले, बदल्यात काही कमी होतील या आशेने. गल्लीत शे-दोनशे रुपये देणारे आहेत. त्याने हात लावला नाही. "विकू नका, देऊ नका. पुसलेलंही परत काढता येतं. फडक्यात गुंडाळा आणि घरी फोडा." घरी येऊन मी बत्ता घेतला, गच्चीत तुळशीजवळ बसले आणि चार घाव घातले. लॅपटॉपच्या डिस्कमधल्या तबकड्या बहुधा काचेच्या असतात. हे मला पाचव्या घावाला कळलं, कारण फडकं गुंडाळायचं मी विसरले होते. तुळशीच्या मातीत अजून एखादा चकचकीत तुकडा सापडतो.