खुनी आधी सांगावा की शेवटी?

दिवाळी अंकासाठी गुन्हेकथा लिहायला बसलं की पहिला पेच हाच. खुनी शेवटच्या परिच्छेदापर्यंत झाकून ठेवायचा, की पहिल्याच पानावर सांगून टाकायचा? आमच्या पुण्यातल्या लिहित्या मंडळींच्या बैठकीत यावर दोन तास वाद झाला, कारण एका मैत्रिणीने एकच कथा दोन्ही तऱ्हांनी लिहून आणली होती.

कथा सदाशिव पेठेतल्या वाड्याची. थोरला भाऊ पुनर्विकासाच्या कागदांवर सही करत नाही. धाकटा त्याला संपवतो, परसातल्या कोरड्या आडात टाकतो, वर राडारोडा भरून कोबा करतो. दादा काशीला गेलाय असं सगळ्यांना सांगतो आणि त्याची खोटी सही करतो.

पहिल्या खर्ड्यात खुनी झाकलेला होता. पाच संशयित, एक निवृत्त फौजदार, शेवटी उलगडा. या प्रकाराला जागा लागते, आणि अडीच हजार शब्दांत ती मिळत नाही. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दोन परिच्छेद आले. मुरलेला वाचक मग पुरावे तपासत बसत नाही, ज्याच्यावर संशय येत नाही त्यालाच धरतो. मी तिसऱ्या पानावर धाकट्याला धरलं होतं. तरीही ही वाट टाकाऊ नाही. सगळ्यांसमोर ठेवूनही नजरेतून निसटेल असा एखादा खणखणीत धागा तुमच्या हाती असेल, तर खुशाल याच वाटेने जा. दोनच संशयित घ्या.

दुसऱ्या खर्ड्यात पहिल्याच ओळीत धाकटा कोबा सारखा करतोय. पुढे काय उलगडायचं, असं काहींना वाटलं. पण खरा ताण इथेच आहे. रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉक म्हणायचा, टेबलाखालचा बॉम्ब प्रेक्षकाला ठाऊक नसेल तर १५ सेकंदांचा धक्का मिळतो. ठाऊक असेल तर त्याच साध्या गप्पा १५ मिनिटं जीव टांगणीला लावतात. धाकटा कोणालाही चहा विचारतो, तेव्हा आपली नजर परसाकडे जाते.

नाट्यात्म उपरोधही, म्हणजे पात्रांना ठाऊक नसलेलं वाचकाला ठाऊक असल्याने साध्या बोलण्याला येणारा दुसरा अर्थ, याच वाटेवर पिकतो. मात्र तो योगायोगातून आला की कथा पडते. खुन्याच्या स्वतःच्या कृतीतूनच यायला हवा. इंग्रजी लेखक रोआल्ड डाल यांच्या १९५३ सालच्या ‘लॅम्ब टू द स्लॉटर’ या कथेमध्ये बायको नवऱ्याला गोठलेल्या मटणाच्या तंगडीने मारते आणि तीच भाजून तपासाला आलेल्या पोलिसांना खायला घालते. हत्यार इथेच नाकासमोर असेल, असं ते खाता खाता म्हणतात! एकही धागा बाहेरून आणलेला नाही.

आमच्या वाड्यातही तसंच होतं. ज्या बांधकामासाठी खून केला, त्याच बांधकामाचा पाया खणायचा आहे.

म्हणून छोट्या कथेसाठी माझं मत दुसऱ्या खर्ड्याला. त्यातही शेवटी पोलीस आले होते, बेड्या पडल्या होत्या. ते पाऊण पान मी मैत्रिणीला काढायला लावलं. आता शेवटी बिल्डरचा माणूस परसात उभा राहून चहा पितो, रिकामा कप कोब्यावर ठेवतो, कोबा अजून ओला असल्याने कपाची गोल खूण उमटते. तो म्हणतो, “सोमवारी जेसीबी इथूनच लावू.”