परदेशी भाषा: शाळेच्या वेळापत्रकात की शाळेबाहेर?

सातवी संपत आली की सोलापुरातल्या पालकांपुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे जर्मन किंवा फ्रेंच विषय म्हणून नीट शिकवणारी शाळा, प्रसंगी पुण्यातली निवासी शाळाही. दुसरी म्हणजे शाळा आहे तीच ठेवायची, भाषेसाठी रविवारचा किंवा ऑनलाइन वर्ग लावायचा आणि परीक्षा जर्मनची असेल तर मॅक्स म्युलर भवनची (ग्योथे इन्स्टिट्यूटचं भारतातलं नाव) आणि फ्रेंचची असेल तर आलियाँस फ्राँसेझची द्यायची. आमच्या घरी दुसरी वाट धरली, त्यामुळे माझा कल तिकडे दिसेलच. पण पहिली वाट चुकीची आहे असं मी म्हणणार नाही.

तासांचा प्रश्न दोन्हीकडे फारसा येत नाही. युरोपीय मोजपट्टीवर भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा चढत जातात; ग्योथे इन्स्टिट्यूट पहिल्या, ए१ पातळीसाठी ४५ मिनिटांचे ८० ते २०० तास धरते. शाळेत आठवड्याला ३५ मिनिटांच्या चार तासिका आणि ३५ आठवडे धरले, तर वर्षाला असे जवळपास ११० तास होतात. रविवारचे घड्याळी तीन तास आणि ४० रविवार धरले तर ४५ मिनिटांचे १६०. शाळेची जमेची बाजू अशी की भाषा रोज थोडी थोडी डोळ्यांखालून जाते. रविवारच्या वर्गाची वही शनिवारी रात्रीपर्यंत बंदच राहते. ती रोज उघडायला लावणं हे आईवडिलांचं काम.

शाळेतली अडचण वेगळी आहे. वर्गात ४० मुलं असली तर ३५ मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला बोलायला मिनिटभरही येत नाही. सीबीएसईला दहावीची लेखी ८० गुणांची, अंतर्गत २०; ऐकणं-बोलणं झालंच तर त्या २० मध्ये. मग आर्टिकलचे तक्ते पाठ होतात, रिकाम्या जागा भरल्या जातात, गुणही छान पडतात, पण कुणी साधी वेळ विचारली तरी मूल गप्प. फ्रेंचच्या डेल्फ परीक्षेत हे लगेच उघडं पडतं. चार भागांना प्रत्येकी २५ गुण, उत्तीर्ण व्हायला एकूण ५०, पण एकाही भागात ५ पेक्षा कमी चालत नाहीत. बोलण्यात ४ पडले तर एकूण ७० असूनही नापास. (जपानीच्या जेएलपीटीत तोंडी परीक्षाच नाही, त्यामुळे तिथे बोलण्याचा सराव आपण होऊन करावा लागतो.) घरी कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या मुलांना जर्मन उच्चार सोपे जाताना मी पाहिले आहेत. ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ त्यांच्या कानात आधीच वेगळे असतात. मराठीत तो भेद नाही आणि जर्मनमध्ये त्याने शब्दच बदलतो.

पण माझा निर्णय ठरला तो शिक्षकांवरून. शाळेत परदेशी भाषेचे शिक्षक बहुधा एकच असतात. बी२ किंवा सी१ झालेल्या माणसाला पुण्यात कंपनीकडून जास्त पगार मिळतो. दिवाळीनंतर ते गेले की त्या तासिकेला भाषा न येणारे शिक्षक येतात, आणि मुलं गाईडमधून उत्तरं उतरवत बसतात. सहावीत हे चालून जाईल, पण नववीत नोंदवलेला विषयच दहावीत द्यावा लागतो, तेव्हा सुटका नाही. धोरणही मध्येच बदलतं. २०१४ मध्ये केंद्रीय विद्यालयांत तिसरी भाषा म्हणून चाललेली जर्मन ऐन वर्षात काढून तिच्या जागी संस्कृत आणलं गेलं. आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे तीनपैकी किमान दोन भाषा भारतीय हव्यात, आणि २०२० च्याच कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची आहे. शाळेच्या वेळापत्रकात परदेशी भाषेची जागा पक्की नाही.

बाहेरच्या वर्गाचे शिक्षक गेले तर वर्ग बदलता येतो, आणि मिळालेलं ए१-ए२ चं प्रमाणपत्र शाळा किंवा बोर्ड बदललं तरी हातात राहतं. शाळेत खुशाल संस्कृत घ्यावं. खर्च आणि दगदग आहेच. सोलापूरहून सुटणारी हुतात्मा एक्सप्रेस पुण्याला पोचेपर्यंत दहा वाजून जातात, तेव्हा सकाळचा पेपर असेल तर आदल्या दिवशीच जावं. दहा ते सोळा वयाच्या मुलांनी मोठ्यांची ए१ न देता 'फिट इन डॉइच' द्यावी. तिच्या तोंडी परीक्षेत मूल गठ्ठ्यातून शब्दाचं कार्ड उचलून प्रश्न विचारतं, शेजारचं मूल उत्तर देतं. मग चित्राच्या कार्डावरून विनंती करायची असते. पुठ्ठ्याची वीसेक कार्डं करून रोज दहा मिनिटं घरीच खेळावं. ए२ नववीतच उरकावी. दहावीत वर्ग थांबवून डॉइचे वेले या जर्मन प्रसारणसंस्थेचे मोफत धडे फक्त ऐकत राहिलं तरी कान टिकतो.

पाचवीत सुरू झालं नाही म्हणून घाबरू नये. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये अठ्ठाविशीत चीनला गेले, तिथे चिनी शिकले आणि त्याच भाषेत वैद्यक शिकवू लागले.

तरीही शाळेचीच वाट बरी वाटत असेल, तर प्रवेशाआधी चार गोष्टी विचारा: भाषेचे शिक्षक दोन आहेत का, त्यांचं किमान बी२ झालं आहे का, भाषेच्या तासाला वर्गाचे वीस-वीसचे गट होतात का, आणि गेल्या वर्षी किती मुलं बाहेरच्या परीक्षेला बसली. चारही उत्तरं चांगली आली आणि मूल घराबाहेर राहायला तयार असेल, तर अशा शाळेला मीही नाही म्हणणार नाही.