हायड्रो संच झकास, नेमप्लेट मुकी: २० केव्हीए अल्टरनेटर काही महिने वापरल्यावर

एमसीबीचा (शॉर्ट झाला की आपोआप पडणाऱ्या ब्रेकरचा) दांडा वर, व्होल्टमीटरचा काटा शून्यापाशी आणि टर्बाइन किंचाळतंय. घडलं होतं एवढंच, की लाइनच्या टोकाला फांदी पडून फेज आणि न्यूट्रल चिकटले होते. ईएलसीला (जास्तीची वीज बॅलास्टमध्ये, म्हणजे हीटरमध्ये, जिरवून वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरला) दोष देऊन उपयोग नाही. व्होल्टेजच नसेल तर तो बॅलास्टमध्ये ढकलणार काय? व्हॉल्व्ह हाताने बंद केला तेव्हा कुठे आवाज थांबला.

संच नेहमीचाच आहे: क्रॉसफ्लो टर्बाइन, ४०० व्होल्टचा ब्रशलेस अल्टरनेटर, शंट एव्हीआर (अल्टरनेटरच्याच टर्मिनलवरून वीज घेणारा व्होल्टेज रेग्युलेटर), ईएलसीच्या पुढे, म्हणजे लाइनच्या बाजूला, सी३२ एमसीबी (३२ अँपिअरचा, सी कर्व्हचा) आणि तिथून ५०० मीटर १६ चौरस मिमी अॅल्युमिनियम केबल. स्पेक सगळ्यांना पाठ आहेत. त्या दिवसापर्यंत माझी तक्रार शून्य होती. बेअरिंग गार, व्होल्टेज हलत नाही, करवतीची मोटर उचलताना दिवे जेमतेम डोलतात.

सर्व्हिसवाल्यांचं उत्तर ठरलेलं: एमसीबी खराब असेल, नवा पाठवतो. पाठवला. तोच सी३२, वर अभिमानाने '१० केए ब्रेकिंग कपॅसिटी', म्हणजे तो जास्तीत जास्त किती करंट तोडू शकतो. मी विचारलं, १० केए राहू द्या, तुमचा अल्टरनेटर शॉर्टमध्ये किती अँपिअर देतो? एक्सडी डबल डॅश, म्हणजे शॉर्टच्या पहिल्या क्षणी करंटला अडवणारा यंत्राचा रिअॅक्टन्स, किती? उत्तर आलं, 'सगळं नेमप्लेटवर आहे.' नेमप्लेटवर केव्हीए, व्होल्ट, अँपिअर, आरपीएम, पॉवर फॅक्टर, क्लास एच. रिअॅक्टन्सचं नाव नाही. ग्रिडच्या बाबतीत हे चालून जातं, कारण मागून हवा तेवढा करंट येतो. इथे मागे एकच यंत्र आहे आणि शॉर्टचा करंट किती हे त्याचा इम्पीडन्सच ठरवतो.

मग स्वतःच मोजायला बसलो. पट्टा काढला, एव्हीआर सोडवला, मागचं झाकण उघडून मुख्य फील्ड शॉर्ट केलं. दोन फेजमध्ये डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) १९ व्होल्ट दिले (पुरवठा छोट्या पोर्टेबल जनसेटचा, ५० हर्ट्झ) आणि शाफ्ट हाताने हळूहळू फिरवत क्लॅम्प मीटर पाहत राहिलो. करंट ७ ते १० अँपिअरमध्ये झोके घेतो. व्होल्टेजला करंटाच्या दुपटीने भागायचं, एवढाच हिशेब. १० अँपिअरला ०.९५ ओहम, हा डबल डॅश. ७ ला १.३६, हा क्यू अॅक्सिसचा (रोटरच्या दोन ध्रुवांमधल्या दिशेचा). दोन्हींत फारसं अंतर नाही, म्हणजे रोटरमध्ये डॅम्पर (शॉर्ट केलेल्या पट्ट्या) आहे. तुलनेचं माप, म्हणजे बेस इम्पीडन्स, ४०० चा वर्ग भागिले २०,०००, म्हणजे ८ ओहम. म्हणून डबल डॅश ०.१२ पर युनिट, म्हणजे बेसच्या ०.१२ पट. थांबलेल्या यंत्रावर कमी करंटने मोजलेला आकडा सॅच्युरेशनमुळे खऱ्यापेक्षा थोडा जास्त येतो. ट्रिप होईल की नाही हे तपासायला मात्र तो सुरक्षित बाजूचाच आहे.

इथे माझं मत फिरलं. तोवर मी यंत्राला कमकुवत म्हणत होतो. ०.१२ हा चांगलाच कमी आकडा आहे. मोटर इतकी सहज उचलते तीही यामुळेच. गोम आहे ती यंत्र आणि एमसीबीच्या जोडीत. रेटेड करंट २९ अँपिअर, म्हणजे टर्मिनलवरच तिन्ही फेज शॉर्ट केले तरी सुरुवातीला साधारण २४० अँपिअर. सी कर्व्हचा एमसीबी रेटिंगच्या ५ ते १० पटींत तत्काळ ट्रिप होतो, म्हणजे सी३२ ची खात्री ३२० ला. अल्टरनेटरच्या उशाशी शॉर्ट झाला तरी खात्री नाही! लाइनच्या टोकाला केबलचा जाऊन-येऊन १.९ ओहम धरला, झीरो सीक्वेन्स (न्यूट्रलमधून परतणाऱ्या करंटला यंत्राचा अडथळा) अंदाजाने घेतला, तर फेज-न्यूट्रल करंट ११० च्या आसपास. तोही टिकत नाही. सबट्रान्झियंट, म्हणजे सुरुवातीचा मोठा, भाग काही सायकलींत विरतो, आणि शंट एव्हीआर टर्मिनलवरूनच जेवतो, त्यामुळे व्होल्टेज पडलं की एक्सायटेशनही (फील्डला मिळणारा करंट) उपाशी. एमसीबीतली थर्मल पट्टी (जास्त करंटने तापून ट्रिप करणारी) तापायच्या आत करंटच मरतो. दांडा वर राहणारच होता. त्यात एमसीबीचा काय दोष?

यावर विक्रेत्याचा तोडगा: पीएमजीवाला (वेगळ्या कायमचुंबकी जनित्रावर चालणारा) एव्हीआर घ्या, तिप्पट करंट १० सेकंद टिकतो. पैसे अर्थातच वेगळे. तिप्पट म्हणजे ८७ अँपिअर. सी३२ च्या मॅग्नेटिकला, म्हणजे तत्काळ ट्रिपला, तो दिसणारसुद्धा नाही, आणि थर्मलला २.५५ पटीवर मानकानेच ६० सेकंदांपर्यंत मुभा दिली आहे. नाही घेतला.

त्याऐवजी शाखांवर बी२० (२० अँपिअरचे, ५ पटीला नक्की पडणारे) बसवले. त्यांची खात्री १०० अँपिअरला, म्हणजे टोकाचे ११० पहिल्याच झटक्यात पकडले जातात. फरक थोडकाच आहे, लाइन आणखी लांबवली तर पुन्हा गणित करावं लागेल. शिवाय मुख्य ब्रेकरला अंडरव्होल्टेज रिलीज (व्होल्टेज पडलं की ब्रेकर पाडणारी कॉइल), अर्ध्या सेकंदाच्या विलंबासह, नाहीतर मोटर सुरू होतानाच ट्रिप. शॉर्टची खरी खूण करंट नव्हे, पडलेलं व्होल्टेज आहे, तीच पकडायची. ब्रेकर ईएलसीच्या पुढेच असला पाहिजे. मग तो उघडला की अल्टरनेटर मोकळा होतो, व्होल्टेज परत उभं राहतं, बॅलास्ट भार घेतो आणि टर्बाइन शुद्धीवर येतं. ब्रेकर ईएलसीच्या मागे असेल तर ट्रिप झाल्यावर बॅलास्टही जातो आणि टर्बाइन सुसाट.

टोकाला कॉन्टॅक्टर लावून मुद्दाम शॉर्ट केला, शाखेचा बी२० पडला. तो बायपास करून पुन्हा केला, मुख्य ब्रेकर पडला आणि वेग सावरला.

यंत्राला पैकीच्या पैकी, कागदपत्रांना भोपळा. घेणाऱ्यांनी ऑर्डरआधी डबल डॅश, सिंगल डॅश (त्यानंतरच्या टप्प्याचा रिअॅक्टन्स) आणि एक्स झीरो (झीरो सीक्वेन्सचा) लेखी मागावेत. देत नसतील तर डिमरस्टॅट आहेच. अंडरव्होल्टेज कॉइल सतत गुणगुणते. संच बंद करून सुरू केला की आधी व्होल्टेज येऊ द्यायचं, मगच दांडा वर करायचा, नाहीतर तो टिकतच नाही. ड्युटीवरचे गडी यावरून रोज कुरकुरतात.