मिनी ट्रॅक्टरला वजन: टायरात पाणी की चाकाला लोखंड?

द्राक्षबागेची फळछाटणी होऊन वीस-पंचवीस दिवस झालेले असतात, रात्री पाऊस पडून जातो, आणि सकाळी डाऊनीची, म्हणजे केवडा रोगावरची, फवारणी घ्यावीच लागते. वाफशाची वाट बघायला सवड नसते. रानात चिखल, मागे फवारणीचा दोनशे लिटरचा ब्लोअर, आणि 24 एचपीचा ट्रॅक्टर ओळीच्या मधोमध जागच्या जागी चाकं फिरवत उभा. तासगाव भागातल्या आमच्या काळ्या रानात दोन हंगाम हे सोसलं आणि मग वजन वाढवायचं ठरवलं. आधी टायरात पाणी भरलं. आता चाकाला लोखंडी प्लेटा आहेत.

तुलनेआधी एक खुलासा, कारण इथे भल्याभल्यांची गल्लत होते. चाक घसरणं हा एक आजार आणि तोंड उचलणं हा दुसरा. मागच्या चाकात पाणी घाला नाहीतर लोखंड लावा, ते वजन मागच्या अ‍ॅक्सलवरच बसतं. ब्लोअर उचलल्यावर पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच जातो, त्यावर त्याचा काही उपयोग नाही. त्यासाठी पुढे बंपरलाच वजन हवं. ते पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे टांगलेलं असतं, म्हणून थोडं असलं तरी पुरतं. यात निवड करण्यासारखं काही नाही, घ्यायचं आणि लावायचं. फक्त बंपरवर गडी बसवून बांध चढवू नका. आमच्याकडे अजून बसवतात.

आता घसरणाऱ्या चाकाकडे. पाण्याची बाजू आधी मांडतो, कारण ती कच्ची नाही. पाणी फुकट. चाक जॅकवर घेऊन व्हॉल्व वर आणायचा, व्हॉल्वच्या पातळीपर्यंत पाणी भरायचं, म्हणजे साधारण 75 टक्के होतं, आणि वर हवा. टायर पूर्ण भरला तर हवेची गादी राहत नाही आणि खड्ड्याखड्ड्याला कंबर सांगते. थंड मुलखात पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराईड मिसळतात, आपल्याकडे ती कटकट नाही. माझ्या एकेका टायरात तीन कळशा बसल्या, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस किलो. वजन खाली राहतं, आडव्या उतारावर ट्रॅक्टर बसल्यासारखा चालतो. पहिल्याच ओल्या फवारणीत फरक जाणवला. वर्षभर मी चार जणांना हाच सल्ला दिला.

मग मांडवाच्या तारेचा एक बोटभर तुकडा मागच्या टायरात घुसला.

पंक्चरवाल्याला फोन केला तर त्याचा पहिला प्रश्न, "आत पाणी आहे का?" हो म्हटल्यावर तो म्हणाला, "मग उद्या बघू." दुसऱ्या दिवशी आला. व्हॉल्व खाली फिरवून पाणी सोडलं, ते पिचकारीसारखं त्याच्या अंगावर. पाऊण तासाने धार थांबली, तरी ट्यूबमध्ये तांब्या-दोन तांबे उरलेच. ट्यूब बाहेर काढली तर ओली गच्च, आणि ओल्या रबराला ठिगळ धरत नाही. उन्हात टाकली, पण त्या आठवड्यात ऊन होतं कुठे? शेवटी जुन्या धोतराने पुसून, स्टोव्हच्या धगीवर धरून वाळवली. ठिगळ लागलं, टायर बसला, आणि मग परत तीन कळशा पाणी. तोवर फवारणीचे दोन दिवस गेले होते. त्या प्लॉटात घडांवर डाऊनी दिसली ती पंक्चरमुळेच, असं मी म्हणणार नाही. पाऊसही बेताल होता. पण पाणी मी तेव्हाच सोडून दिलं.

लोखंडालाही दोष आहेत. पैसे लागतात. चाकाला पंचवीस किलोच्या दोन, अशा चार प्लेटा लावायला दोन माणसं आणि एक सकाळ जाते. पहिल्या दिवशी काम झाल्यावर बोल्ट पुन्हा आवळले नाहीत तर तिसऱ्या दिवशी खडखडाट ऐकू येतो. आणि माझा पहिला जोड टायरच्या बाहेर दोन बोटं येत होता, वळणावर ड्रिपची नळी ओढून न्यायचा. तो बदलून रिमच्या खोलगटात बसणारा घेतला. विकत घेण्याआधी एवढं मापून घ्या.

पण टायर पंक्चर झाला तर पंक्चरवाला त्याच दिवशी येतो. आणि दुसरं, पावसाळी फवारण्या संपल्या की प्लेटा निघतात. कोरड्या रानात ते शंभर किलो मुळांवरून कशाला फिरवायचे? डिझेलही त्यात जातं. पाणीही काढता येतं म्हणा, पण काढलेलं मी कुणाकडे पाहिलं नाही.

वजन पुरेसं झालं की नाही हे मी टायरच्या ठशावरून ओळखतो. ओढीच्या कामात दातांचा ठसा साच्यातून काढल्यासारखा स्वच्छ उमटला तर वजन जास्त आहे. नुसता चिखल फासल्यासारखा दिसला तर कमी. कडा दिसतात पण मधली माती थोडी मागे सरकलेली, तर बरोबर. अर्थात कंपनीने टायरला दिलेली भाराची मर्यादा ओलांडायची नाही.

ज्यांचा ट्रॅक्टर बारा महिने रोटर आणि ट्रॉलीवरच असतो, बागेत फारसा जात नाही, त्यांनी पाणी भरलं तर मी अडवणार नाही. त्यांचं पंक्चर एक दिवस थांबलं तरी चालतं. माझ्या प्लेटा सध्या शेडमध्ये भिंतीला टेकून उभ्या आहेत, बोल्ट ग्रीस लावून डब्यात. पुढच्या छाटणीआधी त्यांना एकदा रंग द्यायचा आहे.