पेलेट, पॉइंट टू टू की घरी ओतलेले शिसे: सोलापुरातून नेमबाजी सुरू करणाऱ्यासाठी

नेमबाजीकडे वळू पाहणारे सोलापूरचे तरुण आणि त्यांचे पालक साधारणतः तीन प्रश्न एका दमात विचारतात: एअर रायफल घ्यावी का, ‘पॉइंट टू टू’च्या, म्हणजे .२२ इंची काडतुसाच्या रायफलीच्या, मागे लागावे का, आणि गोळ्यांचा खर्च झेपत नसेल तर शिसे वितळवून त्या घरीच ओतता येतील का. तिसरा प्रश्न बहुधा आवाज खाली आणून विचारला जातो, कारण परदेशातील हौशी मंडळी अर्धस्वयंचलित रायफलीसाठी गॅरेजमध्ये गोळ्या ओतून काडतुसे भरतात, अशा चित्रफिती पाहून तो डोक्यात आलेला असतो. या तिन्ही वाटांची तुलना करताना मी एकच माप लावणार आहे, आणि ते रायफलीच्या किमतीचे नाही. घरापासून फार दूर न जाता, कायद्याला न घाबरता, आठवड्याला किती फैरी झाडता येतील, हे ते माप आहे.

तिसरी वाट आधी निकालात काढू. १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमानुसार शस्त्र किंवा दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो, आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भाग व तो बनविण्याची यंत्रसामग्रीही येते. २०१९च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या भंगाला किमान सात वर्षांची आणि जास्तीत जास्त जन्मठेपेची शिक्षा आहे. अर्धस्वयंचलित रायफल तर सर्वसाधारण परवान्यावर मिळणाऱ्या शस्त्रांत मोडतच नाही. त्यामुळे अमेरिकेतला छंद सोलापुरात आणून बसवण्याची कल्पना पहिल्याच पायरीवर गुन्हा ठरते. तांत्रिक बाजूही तिला फारशी धार्जिणी नाही. कवच नसलेली मऊ शिशाची गोळी वेगाने जाताना नळीत आणि दारू पेटल्यावरचा वायू वळवणाऱ्या छिद्रात शिसे सोडत जाते, आणि ज्या यंत्रणेचे काम त्याच वायूवर चालते ती त्यामुळे अडखळू लागते.

पॉइंट टू टूच्या बाबतीत तर हा प्रश्नच उद्भवत नाही. तिचे काडतूस कडेवर आघात झाल्यावर पेटते, म्हणजे पेट घेणारे रसायन पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कडेत भरलेले असते. फायरिंग पिनाने ती कड एकदा दाबली की पुंगळी संपली. ती पुन्हा भरण्याची सोय तिच्या रचनेतच नाही. म्हणून जगभरचे नेमबाज तिची काडतुसे तयारच विकत घेतात आणि आपल्या नळीला कोणता लॉट, म्हणजे कारखान्यातली कोणती खेप, मानवतो ते तपासून तोच साठवतात.

राहतो एअर रायफलीचा छर्रा, ज्याला खेळाडू पेलेटच म्हणतात. तो ओतण्याची कल्पना निरुपद्रवी वाटते, कारण त्यात दारू नाही. परंतु येथे हिशेब आडवा येतो. रोज शंभर फैरी आणि आठवड्यातून पाच दिवस सराव धरला, तर आठवड्याला पाचशे पेलेट लागतात. म्हणजे साधारण एक डबा. एक पेलेट सुमारे ०.५३ ग्रॅमचा, म्हणून पाचशेंचे शिसे जेमतेम पाव किलोच्या थोडे वर भरते. वाचणारे धातूचे पैसे किरकोळ, आणि एका वेळी दोन दाणे देणारा साचा असला तरी आठवड्याला अडीचशे वेळा मूस कलती करायची, दाणे सुटे करायचे, तपासायचे, तोलायचे आणि निम्मे परत वितळवायचे. कारखान्यातले सामन्याचे पेलेट ओतलेले नसून दाबून घडवलेले असतात, आणि डोक्याच्या व्यासानुसार ४.४९, ४.५० अशा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या फरकाने निवडलेले असतात. थंड होताना शिसे आकसते. आत एखादा बारीक पोकळ बुडबुडा राहिला, तर छर्ऱ्याचा गुरुत्वमध्य अक्षापासून सरकतो, आणि फिरत निघालेला छर्रा दर वेळी थोडा वेगळ्या दिशेला जातो. नेमबाजाला मात्र वाटत राहते की चाप ओढताना आपलाच हात हलला. शिकाऊ माणसासाठी ही सर्वांत महागडी बचत आहे, कारण स्वतःची चूक कोणती आणि छर्ऱ्याची कोणती हे त्याला कधीच कळत नाही.

आरोग्याची बाजू याहून गंभीर आहे. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि स्वयंपाकाच्या गॅसवर ते सहज होते, हाच खरा धोका आहे. वितळलेल्या धातूवर धरणारी राखी साय ढवळली, काढली, सांडली की तिची पूड फरशीवर, कपड्यांवर आणि भांड्यांवर बसते. रांगणारे मूल तेच हात तोंडात घालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनेनुसार रक्तात दर शंभर मिलिलिटरला पाच मायक्रोग्रॅम शिसे आढळले तरी त्याचा स्रोत शोधून संपर्क थांबवावा लागतो, आणि ते प्रमाण किती सूक्ष्म आहे हे पाहिले की घरातल्या पुडीची भीती कळते. जुन्या छापखान्यांतील अक्षरांचे खिळे शिसे, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रधातूचे असतात, म्हणून भंगारातून ते आणावेत असे सुचवणारे भेटतात. बॅटरीच्या पट्ट्या वापरा असेही सांगितले जाते, पण त्यांतून विषारी वायू निघू शकतो. घरगुती मूस हा विषय मी येथेच सोडतो.

आता खरी निवड. एअर रायफलीला ४.५ मिलिमीटरपर्यंतचा व्यास आणि वीस ज्यूलपर्यंतची ऊर्जा असेल, तर २०१६च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. ओळख आणि पत्त्याचा पुरावा मात्र द्यावा लागतो. पॉइंट टू टूसाठी परवाना लागतो. शहरात त्याचा मार्ग पोलीस आयुक्तांकडून जातो, तर ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून, आणि खेळाडूंसाठी वेगळ्या तरतुदी असल्या तरी कागदपत्रे आणि वाट पाहणे यांतून सुटका नाही. काडतुसांच्या संख्येवरही मर्यादा असते.

जागेचा फरक याहून निर्णायक आहे. दहा मीटरची रेषा आणि मागे उभे राहायला जागा धरून बारा मीटर मिळाले की एअर रायफलीचा सराव होतो. जुन्या सोलापुरातील माळवदी घराचा लांब ओटा, शाळेचा रिकामा वर्ग किंवा गोदाम त्याला पुरते. सामन्याच्या रायफलीतून पेलेट साधारण १७५ मीटर प्रतिसेकंद वेगाने निघतो आणि त्याची ऊर्जा आठ ज्यूलच्या आसपास असते. लोखंडी पत्र्याचा पेलेट ट्रॅप (छर्रे अडवणारी पेटी), त्यामागे भक्कम भिंत आणि दारावर कडी एवढ्यावर भागते. २.६ ग्रॅमची पॉइंट टू टूची गोळी ३३० मीटर प्रतिसेकंदाने निघते आणि तिची ऊर्जा १४० ज्यूलच्या पुढे जाते, म्हणजे सतरापट. मोकळ्या रानात ती दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. तिला मातीचा बांध असलेली अधिकृत रेंज लागते. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात पन्नास मीटरची रेंज आहे, पण सोलापूर ते पुणे अंतर अडीचशे किलोमीटर आहे, आणि हुतात्मा एक्सप्रेसने गेले तरी एका सरावात एक पूर्ण दिवस मोडतो. महिन्याला दोन दिवस पुण्याला जाणारा आणि घरी आठवड्याला पाच दिवस सराव करणारा यांत सहा महिन्यांनी कोण पुढे असेल, हे वेगळे सांगायला नको.

पॉइंट टू टूचे आकर्षण मी नाकारत नाही. कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदकाचा मानकरी ठरला, आणि त्या प्रकारातील भारताचे ते पहिले ऑलिंपिक पदक होते. पण अभिनव बिंद्रा यांचे २००८चे बीजिंग सुवर्ण दहा मीटर एअर रायफलीतले आहे, हेही विसरू नये. पन्नास मीटरवर गुडघ्यावर, पोटावर आणि उभ्याने अशा तीन स्थितींत प्रत्येकी वीस फैरी झाडाव्या लागतात, आणि खुल्या रेंजवर वारा हाही स्पर्धक असतो. आपल्याकडचा दुपारचा कोरडा वारा पन्नास मीटरच्या अंतरात गोळीला एका गुणापुरते सहज ढकलतो.

दहा मीटरच्या निशाण्यावर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर आहे आणि पन्नास मीटरवर तो १०.४ मिलिमीटर, म्हणून पहिला प्रकार अशक्य आणि दुसरा सोपा वाटतो. प्रत्यक्षात कागदी निशाण्यावर गोळीची कड ठिपक्याला लागली तरी दहा गुण मिळतात. गणित मांडले तर पेलेटच्या मध्याला सर्व बाजूंनी अडीच मिलिमीटर इतकी मोकळीक आहे; त्याच प्रमाणात पन्नास मीटरवर तिचे माप साडेबारा मिलिमीटर होईल, पण पॉइंट टू टूला मिळणारी मोकळीक साधारण आठ मिलिमीटरच आहे. पन्नास मीटरची परीक्षा कठीण, पण दहा मीटरची सोपी असा अर्थ मात्र लावू नये: पेलेट सावकाश जातो, नळीत अधिक वेळ राहतो आणि चाप ओढल्यावर अंग ढिले सोडण्याची सवय लगेच पकडली जाते. याच कारणासाठी प्रशिक्षक पन्नास मीटरच्या खेळाडूंनाही एअर रायफल हातात देतात.

एअर रायफलींतही दोन जाती आहेत. नळी मोडून स्प्रिंग ताणायची रायफल स्वस्त असते, पण तिचा धक्का पेलेट नळीत असतानाच सुरू होतो आणि पकड बदलली की नेम बदलतो. सामन्याची रायफल दाबून भरलेल्या हवेच्या सिलिंडरवर, म्हणजे साधारण दोनशे बार दाबावर चालते, आणि धक्का जवळपास नसतो. सोलापूरकरांसाठी तिची अडचण हवा भरण्याची आहे. त्यामुळे खरेदीआधी कोण, कुठे आणि किती दाबाने भरून देतो, सिलिंडरची मुदत केव्हा संपते, हे विचारावे. पंपाने हाताने भरता येते, परंतु मे महिन्यात ४२ अंशांच्या उन्हात तो व्यायाम झाल्यावर जाड जाकीट चढवून नेम धरण्याची हिंमत फार थोड्यांत उरते. सकाळी सहाला सुरू करावे.

पेलेटही शिशाचाच असतो, म्हणून सराव संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय शेंगा तोंडात टाकू नयेत आणि ट्रॅपभोवतीची जमीन कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी. शेतात डुकरे येतात म्हणून रायफल घेणाऱ्यांनी मात्र हा मजकूर वगळावा. नान्नजचे माळढोक अभयारण्य जवळच आहे आणि १९७२चा वन्यजीव कायदा छर्रा कसला आहे हे विचारत नाही.

एनसीसीच्या छात्राने पॉइंट टू टू आधीच हाताळली असेल आणि पुण्यात राहण्याची सोय असेल, तर त्याने परवान्याचा अर्ज आत्ताच टाकून वाट पाहताना एअर रायफल सुरू ठेवावी. इतर कोणीही, विशेषतः चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने, आधी बारा मीटर जागा मोजावी, हवा भरण्याची सोय शोधावी, मग एकाच लॉटचे चार डबे घ्यावेत. तीन महिन्यांनी दहा फैरींचा गट एका रुपयाच्या नाण्याखाली झाकला जाऊ लागला, की बालेवाडीचे तिकीट काढायला हरकत नाही.