बडोद्यातील प्रकाशचित्रण कार्यशाळा: बटर पेपर आणि थर्माकोलची किमया
मांडवीजवळच्या भांड्यांच्या दुकानात झालेल्या या एकदिवसीय कार्यशाळेत बटर पेपर, थर्माकोल आणि काळ्या स्ट्रॉ अशा साध्या साहित्यातून फ्लॅशचा प्रकाश घडवायला शिकवले गेले. गादीवर बसलेल्या दुकानदार काकांपासून २ फुटांवर धरलेल्या बटर पेपरच्या चौकटीने सुरकुत्यांवरील सावल्या इतक्या मऊ केल्या की महागड्या सॉफ्टबॉक्सची (प्रकाश मऊ करणाऱ्या कापडी पेटीची) उणीव भासली नाही. मागच्या पितळी भांड्यांवरचा बल्बचा पिवळा उजेड मात्र शटरचा वेग १/३० सेकंदापर्यंत उतरवल्यावरच उमटला आणि फ्लॅशवर नारिंगी जिलेटिन (पारदर्शक रंगीत पापुद्रा) लावल्यावर चेहरा त्या उजेडाशी एकरूप झाला. प्रकाशाला अरुंद झोतात बांधणाऱ्या स्ट्रॉच्या जाळीला, खरे तर सर्वांत गुणी साधनाला, जेमतेम दहा मिनिटे मिळाली, याची खंत वाटते. फ्लॅशचे तोंड तापते, त्यामुळे कागद त्याला थेट चिकटवू नये, ही सूचनाही आरंभीच द्यायला हवी होती.